बसल्या हाताची उंची

तळमजल्यावरच्या न्हाणीघरातला विजेचा शॉवर गळत आहे, ही गोष्ट घरात सर्वांत आधी सासूबाईंना कळली, आणि त्यांनी ती कोणालाही सांगितली नाही.

जावयाला ती कळली एका वाटीमुळे. स्वयंपाकघरातली एक खोलगट वाटी सकाळपासून दिसत नव्हती, आणि तिचा शोध चालला होता. हात धुवायला म्हणून तो खालच्या न्हाणीघरात गेला, तेव्हा ती शॉवरच्या यंत्राखाली, भिंतीला टेकवून ठेवलेली आढळली. यंत्राच्या तळातून एक थेंब सुटत होता, थांबत होता, पुन्हा सुटत होता. वाटीत घडी घातलेले फडके होते. थेंब पडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठीच ते तिथे घातले होते, हे ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही. तो वाकून ते फडके पाहत राहिला. गळतीपेक्षा त्या घडीनेच त्याचे मन अधिक अस्वस्थ केले.

सासूबाई आयुष्यभर परिचारिका होत्या. रुग्णालयातल्या लांबलचक वॉर्डांमध्ये त्यांनी किती अनोळखी देहांना स्नान घातले, याची गणती त्यांनी कधी ठेवली नाही. परंतु दुसऱ्याच्या हातून आंघोळ घालून घेताना माणूस भिंतीकडे का पाहतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खुब्याचे हाड मोडून सांधल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या, त्या एकच अट घालून. "मला उठवा, बसवा, खायला घाला, काय वाटेल ते करा. आंघोळ मात्र माझी मी करणार." त्यांच्यासाठी जावयाने खालच्या न्हाणीघरात तो शॉवर बसवला होता. त्यात पाणी साठत नसे; यंत्रातून जाता जाताच ते तापे आणि लांब नळीच्या टोकाशी असलेल्या हातशॉवरातून बाहेर पडे. सासूबाई दाराला आतून कडी लावत, स्टुलावर बसत, हातशॉवर हातात घेत, आणि बऱ्याच वेळाने, केस पुसत, जग जिंकल्यासारख्या बाहेर येत.

या विजयावर एकाच माणसाचा डोळा होता. सासूबाईंचा थोरला मुलगा, जो दुसऱ्या शहरात राहत असे, दर फोनवर म्हणे, "आई, माझ्याकडे ये. दिवसभराची बाई ठेवू. आंघोळीपासून सगळं ती बघेल." त्याच्या मायेत खोट नव्हती. महिनाअखेर तो येणार होता, आणि त्याने स्पष्ट सांगून ठेवले होते की, न्हाणीघरात काही अडचण दिसली तर आईला तो बरोबर घेऊनच जाईल. म्हणूनच वाटीत फडके आले होते.

जावयाने वाटी होती तशीच ठेवली आणि बाहेर येऊन बायकोला हळूच म्हटले, "वाटी सापडली. शोधू नकोस."

"कुठं होती?"

"कामावर लागली आहे."

जावई म्हणजे दहावा ग्रह, अशी जुनी समजूत. पण या घरात ग्रहच गरीब होता. एका छापखान्यात यंत्रांची देखभाल करणे हे त्याचे काम, आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे त्याची ओढ. यंत्र आवाज करू लागले की आधी हात मागे बांधून उभे राहावे, असा त्याचा नेम. सासूबाई चेष्टेने म्हणत, "आमचा ग्रह वक्री नाही, नुसता मंद आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने उघडपणेच विषय काढला. "आई, शॉवरची जरा साफसफाई करतो. क्षार साचतात."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "कोणी सांगितलं क्षार साचतात म्हणून?"

"छापखान्यातसुद्धा साचतात."

"करा बापडे. वाटी दिसली वाटतं."

"दिसली."

"थोरल्याला सांगू नका."

"मी त्याला काय सांगणार? फोनवर तोच बोलतो."

आता गळतीचे लक्षण असे की, पाणी जिथे दिसते तिथून ते निघालेले असतेच असे नाही. वरच्या सांध्यातून सुटलेला थेंब यंत्राच्या अंगावरून ओघळत खाली येतो आणि दोष तळाच्या माथी मारतो. म्हणून जावयाने प्रथम घरातल्या फलकावरून शॉवरची वीज तोडली, टेस्टर लावून खात्री केली, आणि यंत्र, नळी, भिंतीतून येणारा पाइप, सारे कोरडे पुसून काढले. मग छापखान्यातून आणलेल्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या त्याने प्रत्येक सांध्याभोवती गुंडाळल्या: एक पाणी आत शिरते तिथे, एक नळी यंत्राला जुळते तिथे, एक हातशॉवराच्या मानेशी, आणि एक यंत्राच्या तळाशी असलेल्या बारीक चोचीखाली. कागद खोटे बोलत नाही. भिजला की त्याचा रंगच बदलतो. त्याने पाण्याचा कॉक उघडला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

बायको दारात आली. "हे काय, न्हाणीघराला पट्ट्या बांधल्या? कुठं कुठं लागलंय त्याला?"

"तेच बघतोय."

वरच्या तिन्ही पट्ट्या कोरड्या राहिल्या. चोचीखालची तेवढी काळवंडली.

तेव्हा त्याने आवरण उघडले. त्या चोचीच्या वर एक छोटी सुरक्षा-झडप असते. यंत्रात दाब मर्यादेबाहेर वाढला की ती आपले आसन सोडते आणि पाण्याला खाली वाट करून देते. यंत्र फुटू नये म्हणून ती स्वतः फुटते. एकदा सुटलेली ती झडप पुन्हा नीट बसत नाही, आणि थेंब थेंब गळत राहते. म्हणजे झडप हा रोग नव्हता. ती आपले कर्तव्य करून बसली होती. खरा प्रश्न निराळाच होता: दाब वाढला कशाने?

हातशॉवराची छिद्रे क्षारांनी बुजली की पाणी आत कोंडते, हे कारण सर्वांत संभवनीय. त्याने हातशॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, सुईने एकेक छिद्र मोकळे केले, नवी झडप आणून बसवली. मग स्वतः तिथे उभ्याने आंघोळ केली. थेंब नाही. बायकोलाही करायला लावली. तरी थेंब नाही. सासूबाईंनी आंघोळ केली, वाटी स्वयंपाकघरात परत आली, आणि तिच्यात आमटीसुद्धा वाढली गेली.

आठवडा सरला नाही तोच वाटी पुन्हा नाहीशी झाली.

या वेळी फडक्याची घडी अधिक जाड होती.

जावयाने पुन्हा पट्ट्या बांधल्या, पुन्हा चोचीखालची भिजली, पुन्हा आवरण उघडले. नवी कोरी झडप सुटलेली. हातशॉवर स्वच्छ, नळी मोकळी, पाण्याचा दाब नेहमीचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे आपण केले, हे त्याच्या ध्यानात आले. जुन्या तर्कशास्त्राचा एक साधा मार्ग आहे: जे असताना कार्य घडते आणि जे नसताना घडत नाही, तेच त्याचे कारण समजावे. तो आंघोळ करतो, झडप टिकते. बायको करते, टिकते. सासूबाई करतात आणि झडप जाते. तेव्हा कारण कडीच्या आतल्या बाजूला होते.

आणि तिथेच शास्त्र खुंटले. जावयाने सासूला, तुम्ही आंघोळ कशी करता, हे विचारावे कसे? त्याने बायकोला गळ घातली.

"तू विचार ना."

"मी? काय विचारू? 'आई, तू आत काय करतेस?' तिला वाटेल, दादाने मला फितवलं."

"तसं नाही विचारायचं."

"मग कसं? सांगा, तुमच्या शब्दांत विचारते."

"सोनारानेच कान टोचलेले बरे. वायरमनला बोलावू का?"

"परक्या माणसासमोर? मग तर आजच बॅग भरेल."

महिनाअखेर जवळ येत होती.

जावयाने यंत्र पुन्हा पाहिले. या वेळी यंत्र नव्हे, नळी. दिव्याजवळ धरून त्याने ती बोटांमधून हळूहळू सरकवली, जसा एखादा लांब कागद दोषासाठी तपासावा. हातशॉवरापासून वीतभर अंतरावर प्लॅस्टिकवर एक पांढुरकी आडवी रेघ होती. जिथे वस्तू पुन्हा पुन्हा दुमडली जाते तिथे उठते तशी. त्याने ती पाहिली, पण तिचा अर्थ लावला नाही. नळी खुंटीवर लोंबकळून चेपली असेल, असे त्याने मानले.

अर्थ लागला तो मागच्या अंगणात. संध्याकाळी सासूबाई काठी टेकत कुंड्यांना पाणी घालायला जात. रबरी पाइप एका हातात, काठी दुसऱ्या हातात. एका कुंडीचे पाणी झाले की पुढच्या कुंडीकडे जाईपर्यंत पाणी वाया जाऊ नये, म्हणून त्या अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत पाइपाचा गळा दुमडत. पाणी तत्क्षणी थांबे. पाहिल्याविना, बोलता बोलता, श्वास घ्यावा इतक्या सहजतेने. जावई दारात उभा होता, आणि त्याला ती पांढरी रेघ आठवली.

ही चिमटी त्यांना आयुष्याने शिकवली होती. वॉर्डात नळी दुमडून धरणे हा त्यांचा दुसरा स्वभाव. औषध थांबवायचे, बाटली बदलायची, नळी बोटांत दुमडली की झाले. तसेच त्या साबण लावताना करीत असणार. पण शॉवरच्या यंत्राला पाणी वाहते आहे की नाही हे पाण्याच्या दाबावरूनच कळते. यंत्रावरचे चालू-बंद करण्याचे चाक फिरवून पाणी येण्याच्या बाजूने थांबवले, तर दाब जातो आणि तापवणेही थांबते. पुढे नळी दुमडली, तर दाब आत तसाच राहतो. यंत्र बिचारे पाणी वाहतेच आहे असे समजून तापवत राहते, आणि कोंडलेल्या पाण्याला अखेर झडपेखेरीज वाट उरत नाही.

त्या रात्री त्याने एक पळवाट योजली: काही न बोलता नळी बदलून दुमडणार नाही अशी ताठ नळी बसवावी. सकाळ होईतो ती त्याला पटेनाशी झाली. चिमटीत येईना म्हणून त्या उठून चाक बंद करायला जातील. ओल्या फरशीवर, सांधलेल्या खुब्यानिशी. शिवाय, त्यांच्यापासून लपवायचे म्हणजे, त्यांनी वाटीत फडके ठेवले तसेच आपणही एक ठेवायचे. एका घरात दोन फडकी कशाला?

न्याहारी झाल्यावर, बायको बाजारात गेली असता, तो सुटलेली झडप तळहातावर घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेला.

"आई, एक पेशंट आहे. तुमचं मत हवंय."

"ग्रहाला आज वाचा फुटली," त्या म्हणाल्या. "सांगा."

"एरवी तब्येत उत्तम. आतली वाट स्वच्छ. पण अधूनमधून आत एकदम ताप चढतो, दाब वाढतो, आणि हे इथून फुटतं. दोनदा झालं."

सासूबाईंनी झडप हातात घेतली, उजेडाकडे धरली. "बाहेर पडायची वाट बुजली असेल."

"तपासली. मोकळी आहे."

"नेहमी मोकळी? की तुम्ही बघता तेव्हा मोकळी?"

"मी बघतो तेव्हा."

"मग अधूनमधून कोणीतरी नळी दाबत असणार," सासूबाई म्हणाल्या. उत्तर जुन्या सवयीने आले होते, वॉर्डात निदान सांगावे तसे. वाक्य पुरे झाले आणि त्यांचा स्वतःचा अंगठा बोटांवर टेकलेला त्यांनाच दिसला.

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करण्याचा प्रयत्न करीत होते.

"मीच की," त्या म्हणाल्या.

"हो."

"वॉर्डात नळीच्या त्या टोकाला बाटली असायची. चूल नसायची." त्यांनी झडप उशाशी ठेवली. "थोरल्याचं बरोबरच आहे म्हणायचं. म्हातारीच्या हाताखाली यंत्र नको. येऊ दे त्याला. कपडे काढून ठेवते बॅगेत."

"आई, दाबता कशासाठी?"

"काय म्हणजे? साबण लावताना पाणी वाहू द्यायचं? ऊन पाणी?"

"चाक बंद करायचं."

"ते चाक तुमच्या नाकाशी आहे, जावईबापू. मी बसलेली असते. उठायचं, धरायचं, फिरवायचं, परत बसायचं, साबणाच्या अंगानं? ओल्या फरशीवर उठू नका, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. आता मीच उठू?"

"नाही. उठायचं नाहीच."

"मग?"

"मग चाक चुकीच्या जागी आहे. ते मी बसवलं, उभ्यानं. माझ्या हाताला सोपं पडेल तिथं." त्याने उशाजवळची झडप उचलली. "पेशंट तुम्ही नाही. तुम्ही कशाला हलायचं? यंत्र खाली आणू."

सासूबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिले. वॉर्डातल्या नव्या डॉक्टरकडे पाहावे तसे, विश्वास ठेवावा की न ठेवावा. मग काठी घेतली. "चला, बघू कुठं आणता."

त्या कोरड्या न्हाणीघरात, साडी नेसलेल्या, स्टुलावर बसल्या. हे स्टूलही त्यांनी स्वतःच ठेवले, नेहमीच्या जागी, नेहमीच्या कोनात. जावयाने पेन्सिल काढली.

"डोळे मिटा आणि चाक बंद करा."

"नसलेलं चाक?"

"हो. हात जिथं जाईल तिथं."

सासूबाईंनी डोळे मिटले. उजवा हात उचलला गेला, थोडा पुढे, थोडा खाली, आणि समोरच्या भिंतीवर नव्हे, तर बाजूच्या भिंतीवर टेकला. जावयाने बोटांभोवती पेन्सिलीने हलकी रेघ काढली.

"पुन्हा."

पुन्हा हात तिथेच गेला. त्यांनी डोळे उघडून रेघेकडे पाहिले. "इथं कोणी बसवलं नसतं, नाही?"

"कोणीच नाही. बसल्याशिवाय कळत नाही."

वीज आणि पाणी यांच्या बाबतीत त्याने हात राखला नाही. वायर मध्येच जोडून लांब करणे न्हाणीघरात धोक्याचे. म्हणून परवानाधारक वायरमनला बोलावून थेट फलकापासून अखंड नवी वायर ओढून घेतली. वायरमन रेघेकडे पाहून हसला. "इतकं खाली? लहान मुलांसाठी का?"

"घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसासाठी," सासूबाई दारातून म्हणाल्या.

वायरमनने यंत्रावर थेट धार येणार नाही ना, एवढे पाहून घेतले; तुषार सोसायला आवरण समर्थ होते, आणि बाजूच्या भिंतीवर धार पोहोचत नव्हती. अर्थिंग तपासले, वीज गळली तर आपोआप तुटते की नाही तेही पाहिले. मग जावयाने पाइप वळवला, जुनी भोके बुजवली, आणि नवी झडप बसवली. साऱ्या सांध्यांना पुन्हा कागदाच्या पट्ट्या बांधायच्या होत्या. या वेळी पट्ट्या सासूबाईंनी बांधल्या. बँडेज त्यांच्याइतके घट्ट आणि नीट घरात कोणालाच जमत नव्हते.

थोरला ठरल्या दिवशी आला. उंचापुरा, धिप्पाड गृहस्थ. दारातून आत शिरतानाच मान वाकवणारा. चहा होण्यापूर्वीच त्याने न्हाणीघर पाहिले.

"भाऊजी, हे यंत्र गुडघ्याशी का लावलंय?"

"आईंच्या हाताला."

"बिघडलं होतं का?"

जावयाने सासूबाईंकडे पाहिले. उत्तर त्यांनीच दिले. "मी बिघडवत होते. आता नाही बिघडवणार. माझ्या आंघोळीची वेळ झाली, सरक."

कडी आतून लागली. बाहेर तिघे जण वर्तमानपत्र आणि चहा घेऊन बसले. पाण्याचा आवाज सुरू झाला, काही वेळ चालला, आणि चाकाचा टक्क असा आवाज होऊन थांबला. आत शांतता पसरली. थोरला पुढे सरकून बसला. "पडली की काय? आई?"

"साबण लावतेय," आतून आवाज आला. "तुझ्या बापालासुद्धा एवढी घाई नव्हती."

पुन्हा टक्क, पुन्हा पाणी. पुन्हा टक्क, पुन्हा शांतता. जावई वर्तमानपत्राचे पान न उलटता ऐकत होता. छापखान्यात एखादे जुने यंत्र लयीत चालू लागले की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येई, तोच आला होता. बायकोने ते पाहिले आणि चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई केस पुसत बाहेर आल्या. मुलाने आत जाऊन फरशी पाहिली, यंत्राचा तळ पाहिला, चोचीखाली अजून बांधलेल्या कागदाच्या पट्टीला बोट लावले. ती कोरडी होती.

"बाई ठेवायची का मग?" सासूबाईंनी विचारले.

"नको ठेवायला," तो म्हणाला. "तू आहेस तिथंच बरी आहेस." जरा वेळाने टॉवेल खांद्यावर टाकून तो स्वतः आंघोळीला निघाला. वरच्या न्हाणीघरात बहीण धुणे भिजवून बसली होती, तेव्हा खालचेच उरले.

पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि काही वेळाने काहीतरी आपटल्याचा.

"भाऊजी," आतून त्याची हाक आली, "डोळ्यांत साबण गेलाय, हे चाक कुठं आहे? उभ्यानं हात पोचत नाही."

सासूबाईंनी पांढरे केस झटकले, आरशात पाहत भांग पाडला, आणि कडीकडे तोंड करून शांतपणे म्हणाल्या, "स्टूल आहे ना तिथं? खाली बस."